किट कारला अ‍ॅल्युमिनियमचे पॅनल बसवताना: रिवेट सगळ्यात शेवटी

किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून स्वतः जोडायची गाडी, बनवताना इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक यांचा लोक महिनोन्महिने अभ्यास करतात आणि पॅनलचं काम म्हणजे काय, पत्रा ठेवायचा, भोकं पाडायची, रिवेट (भोकात घालून गनने ओढला की मागून फुगून पत्रा पकडणारा धातूचा खिळा) मारायचे, झालं, असं धरून चालतात. पत्रा बसतोही. पण गाडी चालायला लागली की बाजूचा पॅनल धडधडायला लागतो, पायापाशी पाणी येतं, रिवेटच्या डोक्याभोवती पांढरी पावडर दिसायला लागते, आणि मग तो पॅनल काढायचा म्हणजे एकेक रिवेट ड्रिल करून उडवत बसायचं. हे सगळं टाळता येतं आणि त्यासाठी फार भारी मशिनरी लागत नाही, वेळ लागतो आणि एक नियम पाळावा लागतो: पॅनल आधी आपणहून जागेवर बसला पाहिजे, म्हणजे हाताने नुसता ठेवला तरी सगळ्या कडा चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टेकल्या पाहिजेत, कुठे दाबून धरावं लागता कामा नये, आणि मगच रिवेट. रिवेट पॅनलला धरून ठेवतो, वाकडा पॅनल सरळ करणं हे त्याचं काम नाही. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं ह्या एका गोष्टीसाठी आहे.

मी धरून चाललोय की चॅसी स्टीलच्या चौकोनी किंवा गोल पाइपची आहे आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचाय. १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन ह्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची हीच पद्धत, १९७३ पासून केटरहॅम कंपनीने तीच गाडी पुढे चालवली आणि त्या धाटणीच्या जवळपास सगळ्या किट कारमध्ये हेच दिसतं. कोब्रासारख्या गाड्यांच्या किटमध्ये बाहेरची बॉडी फायबरची असली तरी आतला फूटबॉक्स (पाय आणि पेडलची पेटी), फ्लोअर, टनेल (दोन सीटमधला उंच बोगदा), डिकी हे सगळं बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच असतं, त्यामुळे काम तेच.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या, काही पॅनल नुसते झाकायला असतात आणि काही चॅसीला ताकद देतात. चार पाइपची रिकामी चौकट वळणावर तिरकी व्हायला बघते, तिच्यावर सगळ्या बाजूंनी रिवेट केलेला पत्रा असला की तो तिला तिरकं होऊ देत नाही. फ्लोअर, टनेलच्या बाजू, सीटमागची भिंत हे असे पॅनल, तिथे रिवेट जवळ जवळ हवेत, साधारण ५० मिमीवर एक, आणि रिवेटच्या जोडीला चिकटवणारं आणि फटी बुजवणारं सीलंट पण हवं. इंजिनच्या बाजूचं कव्हर, डिकीचं अस्तर अशा ठिकाणी ७५ ते १०० मिमीवर एक रिवेट पुरतो. किटबरोबर आलेल्या मॅन्युअलमध्ये अंतर दिलं असेल तर तेच पाळा, चॅसी ज्याने डिझाइन केली त्याने हिशोब केलेला असतो.

पत्रा कुठला घ्यायचा. तयार कापलेले पॅनल किटमध्ये आले असतील तर हा भाग सोडून द्या, पण स्वतः करणार असाल तर ग्रेड बघूनच घ्या, सगळं अ‍ॅल्युमिनियम सारखं नसतं. १०५० एच१४ हा जवळपास शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा मऊ पत्रा, हाताने छान वळतो, गोलाईच्या कामाला उत्तम, पण पोचेही पटकन पडतात. ५२५१ किंवा ५०५२ जरा कडक, गंजायला चिवट, फ्लोअर आणि बाजूंसाठी मला हाच बरा वाटतो. ६०६१-टी६ (टी६ म्हणजे उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेला) ताकदीला जबरदस्त आहे, लोक नाव ऐकून तोच आणतात, आणि मग ९० अंशात घट्ट दुमडला की वाकाच्या रेषेवर बाहेरून बारीक चीर पडते. ज्या पॅनलला दुमडायचंय तिथे तो नकोच. जाडी म्हणाल तर बाजूंना १.२ मिमी, फ्लोअरला १.५ मिमी किंवा त्याहून जाड. वजनाची काळजी करू नका, १.२ मिमीचा पत्रा एका चौरस मीटरला सव्वातीन किलोच्या आत येतो, तोच स्टीलचा घेतला तर साडेनऊ किलोच्या आसपास जाईल.

पत्र्यावर प्लास्टिकची फिल्म येते ती शेवटपर्यंत राहू द्या, फक्त ज्या कडांना काम करायचंय तिथली बोटभर सोलून घ्या. आणि फिल्म असलेला पत्रा उन्हात ठेवून देऊ नका, तिचा गोंद भाजला की ती सोलताना तुकडे तुकडे होऊन निघते आणि खाली चिकट थर राहतो.

आता पहिलं काम पुठ्ठ्याचं. जाड पुठ्ठा घ्या, चॅसीवर लावा, मागून पाइपच्या कडा मार्करने उतरवून घ्या, कापा, परत लावून बघा, कुठे कमी पडला तर तुकडा टेपने जोडा, जास्त असेल तर उडवा. पुठ्ठा दुमडूनही बघायचा, कारण दोन दुमडी एका कोपऱ्यात येतात तिथे काय होतं ते कागदावर काढून कळत नाही, हातात धरल्यावरच कळतं. आणि ह्याच वेळी वेल्डकडे बघा. जिथे दोन पाइप जोडलेत तिथे वेल्डचा उंचवटा असतो, पत्रा त्याच्यावर चढतो आणि सगळा पॅनल दोन-तीन मिमी वर उचलला जातो, मग माणूस म्हणतो पत्रा वाकडा आलाय. वेल्ड घासून सपाट करायचा मोह होतो, तो करू नका, सांध्याची ताकद त्या वेल्डमध्येच आहे. पत्र्याच्या कोपऱ्याला तेवढी गोल खाच द्या म्हणजे वेल्ड तिच्यात बसेल, फट राहील ती नंतर सीलंटने भरते.

पुठ्ठा बरोबर बसला की तो पत्र्यावर ठेवून आखायचा, आणि आखायला बारीक टोकाचा मार्कर घ्या. टोकदार सुईने आखलं आणि ती रेघ वाकाच्या जागेवर आली की पत्रा तिथूनच चिरतो. पेन्सिलही नको, तिच्यातल्या ग्रॅफाइटचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं पटत नाही, ओल लागली की त्या रेघेवरून पत्रा खायला लागतो, विमानाच्या पत्र्यावर ह्याच कारणाने पेन्सिल चालवत नाहीत.

कापायला पत्र्याची कातर चालते, लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ, हा रंगांचा हिशोब बहुतेक कंपन्या पाळतात. कातर पूर्ण मिटू नका, पात्याचं टोक जिथे मिटतं तिथे कडेला छोटा दात पडतो, अर्धी मिटून पुढे सरकवत राहा. लांब सरळ कापायचं असेल तर जिगसॉ घ्या, बारीक दातांचं ब्लेड लावा, मशीनच्या तळाला मास्किंग टेप चिकटवा नाहीतर पत्रा ओरखडून निघतो, आणि ब्लेडला मेण किंवा थोडं स्प्रे ऑइल लावा कारण अ‍ॅल्युमिनियम गरम झालं की दातांत भरतं आणि मग ब्लेड कापत नाही, नुसतं फाडतं. रेषेच्या १ मिमी बाहेरून कापा आणि उरलेलं कानशीने आणा. कानस मात्र अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळी ठेवा, स्टीलवर वापरलेल्या कानशीतले लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि नंतर तिथे गंजाचे ठिपके येतात. आणि एक महत्त्वाचं, बेंच ग्राइंडरच्या साध्या दगडावर अ‍ॅल्युमिनियम घासू नका, ते दगडाच्या छिद्रांत भरतं, दगड तापतो आणि फुटू शकतो, फुटलेल्या दगडाचा तुकडा समोरच्या माणसाला कायमचा जायबंदी करू शकतो.

दुमडायला शीट मेटलची दुकानवाली मंडळी फोल्डिंग मशीनवर काही मिनिटांत करून देतात, लांब पॅनल असेल तर सरळ तिकडेच न्या. घरी करायचं तर दोन जाड लोखंडी अँगल, चारपाच क्लॅम्प आणि रबरी किंवा लाकडी मोगरी पुरते. वाकाची रेषा अँगलच्या कडेला धरून पत्रा मधे आवळायचा, अँगलची धार कानशीने जरा गोल करून घ्यायची, आणि मग पत्र्यावर लाकडाची लांब पट्टी ठेवून त्या पट्टीवर मोगरी मारायची. एका जागी पूर्ण ९० अंश आणायचा प्रयत्न केला की पत्रा ताणला जातो आणि कड लाटेसारखी होते, म्हणून पूर्ण लांबीवर आधी थोडं, परत थोडं, असं चारपाच फेऱ्यांत खाली आणायचं. शेवटी ९० च्या किंचित पुढे न्या, सोडल्यावर तो थोडा मागे येतोच.

माप घेताना वाकाचा हिशोब विसरू नका. १.२ मिमीचा पत्रा ९० अंशात दुमडला तर बाहेरच्या मापांची जी बेरीज येते त्यातून प्रत्येक दुमडीमागे साधारण २ मिमी कमी धरायचे. म्हणजे टनेलच्या झाकणाला वर २०० मिमी आणि दोन्ही बाजूंना ५० मिमी हवेत तर पत्रा ३०० मिमीचा न कापता २९६ चा कापायचा. प्रत्येक पत्र्याचा आणि प्रत्येक मशीनचा आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून त्याच पत्र्याचा एक तुकडा आधी दुमडून मोजा, तुमचा खरा आकडा तुम्हाला तिथेच मिळेल. दोन दुमडी ज्या कोपऱ्यात भेटतात तिथे कापायच्या आधी एक छोटं भोक पाडा, नाहीतर त्या बिंदूवर पत्रा फाटतो.

गोलाई हवी असेल, म्हणजे डॅशच्या पुढचा स्कटल किंवा मागचा गोल भाग, तर तिथे पत्रा जाड पाइपवर किंवा रिकाम्या ड्रमवर हळूहळू वळवून आधी हव्या त्या गोलाईपेक्षा थोडा जास्त वळवून घ्या, आणि मग चॅसीवर ठेवून रॅचेट पट्टे टाकून आवळा, पट्ट्याखाली जुनं कापड. पट्टा एक दात आवळायचा, हाताने पत्रा चोळत मधून कडेकडे यायचं, परत एक दात. पत्रा पाइपला लागला की एक रात्र तसाच राहू द्यायला हरकत नाही. आणि पट्टा सोडून बघाच. सोडल्यावर तो उडून बाहेर आला तर अजून वळवायला हवाय, तसाच रिवेट केला तर रिवेट आयुष्यभर त्याला ओढत बसणार.

पत्रा फारच कडक वाटत असेल तर तापवून मऊ करता येतो, पण अ‍ॅल्युमिनियम तापताना लाल होत नाही, शुद्ध असेल तर ६६० अंशाला आणि मिश्रधातूचं असेल तर त्याच्याही आधी सरळ वितळून खाली पडतं. म्हणून पत्र्यावर साध्या साबणाच्या वडीने रेघा ओढायच्या आणि बर्नर हलवत हलवत मागच्या बाजूने तापवायचं, साबण काळपट तपकिरी झाला की थांबायचं. हे १०५० आणि ५०५२ सारख्या पत्र्यांना ठीक आहे, टी६ वाल्याला केलंत तर जी ताकद विकत घेतली तीच गेली.

आता पॅनल जागेवर बसतोय, तर भोकांकडे वळू, आणि इथे घाई झाली की सगळंच बिघडतं. पॅनल जागेवर धरा, क्लॅम्प लावा, मागून किंवा आतून मार्करने पाइपच्या दोन्ही कडा पत्र्यावर उतरवा. पॅनल काढा. आता पत्र्याच्या मागे दोन समांतर रेघा आहेत, त्यांची मधली रेषा काढा, २५ मिमीचा पाइप असेल तर १२.५ वर, आणि त्या रेषेवर अंतर मोजून खुणा करा. भोक पत्र्याच्या कडेपासून रिवेटच्या जाडीच्या किमान दुप्पट आत हवं, ४.८ मिमीच्या रिवेटला १० मिमी धरा. पाइपच्या कडेलाही भोक जाऊ देऊ नका, रिवेट आत फुगायला जागा लागते, पाइपच्या भिंतीला घासून तो अर्धाच फुगतो. एकाच पाइपवर दोन पॅनल शेजारी शेजारी भेटत असतील तर दोघांना पुरेशी जागा मिळत नाही, तिथे एक पॅनल दुसऱ्याखाली सरकवून एकाच रांगेत दोघांना मिळून रिवेट करणं कधीही चांगलं. फ्लोअरला असं करताना खालून बघितलं तर पुढच्या पत्र्याची मागची कड बाहेरच्या बाजूला आली पाहिजे, म्हणजे चालत्या गाडीत पाणी आणि खडी फटीत न शिरता वरून निघून जाते.

सगळी भोकं आधी पत्र्यात, टेबलावर, खाली लाकूड ठेवून, सेंटर पंचने हलकी खूण करून, आणि सगळी ३.३ मिमीची. मोठा रिवेट मारायचा असला तरी सुरुवात ३.३ नेच करा. मग पॅनल परत चॅसीवर लावा आणि लांब कडेच्या मधोमध पहिलं भोक पत्र्यातून पाइपमध्ये पाडा, त्यात क्लेको घाला. क्लेको म्हणजे स्प्रिंगची छोटी पिन, पक्कडीने दाबून भोकात घालायची आणि सोडली की दोन्ही पत्रे आवळून धरते, शिंपी कच्चे टाके घालतो तसंच. ३.२ च्या रिवेटच्या भोकाला तांब्याच्या रंगाची आणि ४.८ ला सोनेरी, असा त्यांचा ठरलेला रंग असतो. नसतील तर सेल्फ टॅपिंग स्क्रूने भागतं, पण क्लेकोमध्ये जे सुख आहे ते स्क्रूत नाही, आणि स्क्रू भोक खराब करतो. मग पहिल्याच्या समोरच्या कडेला एक, मग दोन्ही टोकांकडे आळीपाळीने, नेहमी मधून बाहेर. एका कोपऱ्यातून सुरू करून दुसऱ्या कोपऱ्याकडे गेलात तर पत्रा पुढे ढकलत ढकलत शेवटी सगळा फुगवटा एका कोपऱ्यात जमा होतो आणि तो परत जात नाही.

ड्रिल करायच्या आधी पाइपच्या मागे काय आहे ते बघा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायरिंग, काहीही असू शकतं. बिटला टेप गुंडाळून किंवा स्टॉप कॉलर लावून खोली ठरवून घ्या. चष्मा घाला, आणि खाली पडून वर ड्रिल करताना तर घालाच घाला, अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाने निघत नाही, डोळ्यात गेला तर डॉक्टरशिवाय गत्यंतर नाही.

आता क्लेको लावलेल्या अवस्थेत पॅनलकडे नीट बघा. हाताने मधे दाबा. टप् करून आत गेला आणि सोडल्यावर टप् करून बाहेर आला तर पत्र्यात कुठेतरी ताण आहे. चारपाच क्लेको काढा, पत्रा कुठे सरकतो ते बघा, ज्या भोकात पत्रा आणि पाइपची भोकं एकमेकांवर येत नाहीत तिथेच गडबड आहे. ३.३ चं भोक आता कामाला येतं, ४.९ ला मोठं करताना अर्धा-एक मिमी इकडेतिकडे करायला जागा मिळते. भला मोठा सपाट पॅनल असेल तर ताण नसतानाही तो थोडा वाजतो, त्याला मधे एक उथळ पन्हळ किंवा तिरकी हलकी दुमड दिली की ताठ होतो, ते जमत नसेल तर आतून आवाज मारणारी जाड चिकट शीट लावा.

आणि तापमान. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने स्टीलच्या जवळपास दुप्पट वाढतं. एक मीटर लांबीचा पॅनल ४० अंशांनी तापला तर तो खालच्या पाइपपेक्षा सुमारे ०.४५ मिमी जास्त लांब होतो. ऐकायला काहीच नाही, पण दोन्ही टोकं घट्ट बांधलेली असतील तर तेवढं मधे फुगायला पुरतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत पॅनल रिवेट करू नका, उन्हात पहिल्याच दिवशी तो लाटा दाखवेल. वर्कशॉप आणि पत्रा दोन्ही जरा कोमट असताना केलेलं काम जास्त सपाट राहतं.

हे सगळं झालं तरी रिवेट अजून नाही. सगळे पॅनल असेच क्लेकोवर ठेवून गाडी परत एकदा जुळवून बघा. पेडल पूर्ण दाबून बघा, स्टीअरिंगचा कॉलम टाका, सीट ठेवा, हँडब्रेक ओढा, गिअर सगळे टाका, बॉडी फायबरची असेल तर ती वर चढवून बघा. आणि स्वतःला विचारा, हा पॅनल बंद केल्यावर मागच्या कुठल्या नटाला पाना लागणार नाही? टनेलमध्ये बसून ब्रेकची नळी बदलणं म्हणजे काय ते एकदा कल्पना करून बघा. ज्या पॅनलमागे काही तपासावं, बदलावं लागणार आहे तिथे रिवेट मारूच नका, चॅसीमध्ये रिवेट नट (रिवेटसारखा भोकात घट्ट बसणारा, आत आटे असलेला नट) बसवा आणि पॅनल बटन हेड बोल्टने लावा. एम५ च्या रिवेट नटला साधारण ७ मिमीचं आणि एम६ ला ९ मिमीचं भोक लागतं, पाकिटावरचा आकडा बघून मगच ड्रिल करा कारण भोक सैल झालं की नट आतच गरगर फिरतो. टनेलचं वरचं झाकण, पेडलवरचं झाकण, फ्यूज बॉक्ससमोरचा पॅनल हे तर नक्की उघडणारे ठेवा.

मग सगळं काढा. हो, परत सगळं. कारण स्टील ड्रिल करताना पडलेला कीस पत्रा आणि पाइपच्या मधे अडकलेला असतो, भोकांच्या कडेला खरखर उभी असते, आणि ती तशीच ठेवून रिवेट मारला तर दोन पत्रे एकमेकांना टेकतच नाहीत. प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंची खरखर मोठ्या बिटने हाताने दोन वेळा फिरवून काढा, मशीन नको, फक्त धार मोडायची आहे, खड्डा करायचा नाही. पॅनलच्या सगळ्या कडांवरून कानस आणि मग पॉलिश पेपर फिरवा, कारण नंतर ह्याच कडांवरून हात आणि वायर जाणार आहेत. चॅसीच्या प्रत्येक नव्या भोकाला प्रायमरचा ठिपका द्या, पावडर कोटिंग (पावडर भाजून चढवलेला रंगाचा थर) तिथे फुटलेलं असतं आणि गंज तिथूनच आत शिरतो. पॅनलला पावडर कोट करायचं असेल तर तेही ह्याच टप्प्यावर, भोकं झाल्यावर आणि रिवेटच्या आधी.

गंजाचं थोडं सविस्तर सांगतो कारण किट कार दहा वर्षांनी कशी दिसेल ते इथे ठरतं. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना उघडे टेकले आणि मधे पाणी आलं, खारं असेल तर आणखीच, की एक प्रकारची बॅटरी तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. तीच ती पांढरी पावडर. उपाय एकच, दोघांना उघड्याने एकमेकांना भेटू द्यायचं नाही आणि पाणी मधे येऊ द्यायचं नाही. चॅसीवर चांगला पेंट किंवा पावडर कोट, पत्र्याच्या मागे एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, आणि मधे सीलंटचा थर. सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या, ते चिकटतंही आणि धडधडही मारतं. सिलिकॉन घ्यायचंच असेल तर ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते नको, त्यातून सुकताना अ‍ॅसिड निघतं आणि ते धातूला खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या भिंतीला, एक्झॉस्टजवळ पॉलियुरेथेन टिकत नाही, बहुतेकांची मर्यादा ९० अंशाच्या आसपास असते, तिथे जास्त तापमानाचं न्यूट्रल सिलिकॉनच लागतं.

रिवेटही बघून घ्या. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि स्टीलचा पिन असलेले साधे पॉप रिवेट सगळीकडे मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी चालतात, पण फ्लोअर आणि चाकांच्या बाजूला, जिथे पाणी उडतं, तिथे बंद टोकाचे सीलवाले रिवेट घ्या, साध्या रिवेटच्या मधून पाणी पाइपच्या आत जातं आणि आतला स्टीलचा तुकडा गंजून तपकिरी ओघळ बाहेर येतो. ३.२ च्या रिवेटला ३.३ चं भोक, ४.८ ला ४.९ चं. लांबी निवडताना पत्र्याची आणि पाइपच्या भिंतीची जाडी मिळवा, म्हणजे १.५ चा पत्रा आणि १.६ ची भिंत तर ३.१ मिमी, दोन पत्रे एकावर एक असतील तर ४.६, आणि पाकिटावर जी पकड (तो रिवेट कमीत कमी ते जास्तीत जास्त किती जाडीला चालतो) दिलेली असते तिच्या मधोमध हा आकडा यायला हवा. आखूड रिवेट आत पुरेसा फुगत नाही आणि फार लांब असेल तर नीट आवळत नाही.

आता एकदाचे रिवेट. पाइप आणि पत्रा दोन्ही सॉल्व्हंटने पुसा, पावडर कोट गुळगुळीत असेल तर जिथे सीलंट येणार तेवढी पट्टी घासपेपरने मंद करा. पॅनलच्या कडेला लागून मास्किंग टेप लावा म्हणजे बाहेर आलेलं सीलंट टेपबरोबर निघून जाईल. पाइपवर ३-४ मिमीची एक सलग रेघ सोडा, भोकांच्या भोवती वळसा घालून. पॅनल ठेवा, दर तिसऱ्या-चौथ्या भोकात क्लेको, परत मधून बाहेर. मग रिकाम्या भोकांत रिवेट, आणि सगळ्यात शेवटी क्लेको काढत काढत त्यांच्या जागी रिवेट. रिवेट गन पत्र्याला अगदी काटकोनात आणि दाबून धरा, डोकं पत्र्याला पूर्ण टेकलेलं असलं पाहिजे, मग ओढा. जरा तिरकी धरली की डोक्याची एक बाजू उचललेली राहते आणि तिथून पाणी जातं. क्लेकोंना आधी मेण चोळून ठेवलंत तर सीलंट त्यांच्यात घट्ट होत नाही. सीलंटवर साय धरायच्या आत पॅनल पूर्ण करायचा आहे, ट्यूबवर वेळ लिहिलेला असतो, म्हणून रिवेट वाटीत काढलेले, गन तेल घातलेली, पुसायला कापड हाताशी, आणि मोठ्या पॅनलला एक माणूस मदतीला, हे सगळं ट्यूब उघडायच्या आधी.

वायर किंवा नळी जिथून पॅनल पार करते त्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारं रबराचं कडं) लावा, १.२ मिमीची कड थरथरत्या वायरचं कव्हर कापायला पुरेशी धारदार असते. फायरवॉलची एकही फट उघडी ठेवू नका, इंजिनमधला वास आणि धूर थेट माणसांपर्यंत येतो.

उघडा चकचकीत पत्रा ठेवायचा असेल तर तो हळूहळू मंद होणार हे मान्य करा आणि अधूनमधून पॉलिश करा. धुवायला सौम्य शाम्पूच वापरा, तीव्र डिग्रीझरने त्याच्यावर डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत.

थोडी गाडी चालवून झाली की दिव्याच्या उजेडात सगळे रिवेट एकदा तपासा. एखाद्या डोक्याभोवती काळपट राखाडी ओघळ दिसला तर तो रिवेट सैल झालाय आणि पत्रा त्याच्याखाली घासतोय. तो काढायला आधी मधली पिन पंचने आत ठोका, मग रिवेटच्याच मापाचा बिट डोक्यावर लावून हळू फिरवा, डोकं सुटून बिटवर येतं आणि उरलेलं आत ढकलता येतं. डोकं बिटबरोबर गरगर फिरायला लागलं तर जोर लावू नका, पत्र्यातलं भोक लांबट होतं, डोक्याची कड बारीक पटाशीने दाबून धरा. भोक तरीही मोठं झालंच तर एक माप वरचा रिवेट, नाहीतर शेजारच्या दोन रिवेटच्या मधे नवीन भोक पाडा आणि जुनं सीलंटने बुजवा.